इंगवलेनं दिलं

"डॉक्टर, तुमच्यापासनं सुरू करा," बाबा इंगवले म्हणाला. "कार्बोरेटर घरात शिरला का न्हाई?"

"घरी नेलाच नाही," डॉक्टर पोटनीस म्हणाले. "दवाखान्यात ठेवलाय, खुर्चीशेजारच्या काचेच्या कपाटात. हिला सांगितलं, दात साफ करायचं जर्मन यंत्र आहे."

"आन पेशंट काय म्हणत्यात?"

"परवा एकजण ते यंत्र बघून तोंड न उघडताच उठून गेला."

आम्ही खो खो हसलो. इंगवलेच्या पेट्रोल पंपामागं पत्र्याची मोठी शेड होती. दर रविवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यांचे वेडे तिथं जमायचो. डॉक्टर दाताचे, त्यांची हेराल्ड. सादिक मुजावरचं फर्निचरचं दुकान, त्याची जीप. इंगवले मालक माणूस, त्याच्या पाच गाड्या. आणि मी जयकुमार मगदूम, शिरोलीच्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन. पगार बेताचा, आणि गाडी मात्र मॉरिस मायनर. १९९८ सालातली ही गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा असे पंधरा-वीस जण तरी होतो.

आधी बॉनेट उघडून तासभर डोकी आत घालायची, मग चहा, आणि चहाबरोबर कारणं. त्या आठवड्यात कुणी काय विकत घेतलं आणि ते घरी कसं खपवलं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. सगळ्यांत भारी कारण ज्याचं, त्याची मिसळ बाकीच्यांकडून.

मुजावरची पद्धत अभ्यास करण्यासारखी होती. तो आधी घरी जाऊन सांगायचा, "आज एकजण बारा हजाराला टायर देत होता. मी न्हाई म्हटलं. संसारी माणसाला परवडतंय व्हय?" बायको खूश. पुढच्या रविवारी हा चार हजाराचे टायर घेऊन जायचा आणि सांगायचा, आठ वाचवले.

"औंदा जरा पंचाईत झाली," तो त्या दिवशी म्हणाला. "तिनं त्या आठातनं कुकर मागितलाय."

माझं कारण सगळ्यांत छोटं होतं. दोन शब्दांचं. इंगवलेनं दिलं.

हा आमच्यातला एक नियमच होता. घरी कुणाचंही नाव लावायचं, अमक्याकडं पडून होतं म्हणून त्यानं दिलं असं सांगायचं, आणि ज्याचं नाव लागलं त्यानं ते निभावून न्यायचं. वहिनींनी रस्त्यात गाठून विचारलं तर, "हो हो, अडगळीत होतं, मीच दिलं," असं म्हणायचं. इंगवले श्रीमंत, त्यामुळं बहुतेकांच्या घरी त्याचंच नाव. माझ्या घरी तर नऊ वर्षं दुसरं नावच नव्हतं. रेडिएटर इंगवलेनं दिला. डायनॅमो इंगवलेनं दिला. पुढची काच मुंबईहून गवतात गुंडाळून आणली, तीही इंगवलेनं दिली. इंजिनाचं सगळं काम निघालं तेव्हा, "त्याच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्यानंच करून दिलं," असं सांगितलं. प्रत्यक्षात फाउंड्रीतला माझा ओव्हरटाइम त्यात जात होता. घरी मी सांगितलं होतं की ओव्हरटाइम बंद झालाय.

शैलजा माझी बायको. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आदल्या वर्षीच मुख्याध्यापिका झाली होती. तिची एक सवय होती. ती कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. उत्तर मिळालं की तिच्यापुरता तो विषय संपला. खोदून विचारणं, उलटतपासणी, खिसे बघणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं. इतका सरळ माणूस घरात असणं ही किती मोठी चैन असते हे मला तेव्हा कळलं नाही. मला ती सोय वाटली.

पण तिची दुसरीही एक सवय होती. शेजारणीकडून वाटीभर आमटी आली तर ती वाटी आमच्या घरून कधी रिकामी परत गेली नाही. तशा नऊ वर्षांत इंगवलेच्या घरी आमच्याकडून कुरडया गेल्या, सांडगे गेले, दिवाळीचा डबा गेला. इंजिनाचं काम झालं त्या वर्षी तिनं इंगवलेच्या मुलाची, धैर्यशीलची, नववी-दहावीची शिकवणी घेतली. आठवड्यातून चार दिवस, दोन वर्षं. फी घेतली नाही. पोरगं गणितात काठावरसुद्धा नव्हतं, ते शंभरात एकाहत्तर घेऊन आलं.

शेडमध्ये मी हे चवीनं सांगायचो. "डायनॅमोचे चार किलो सांडगे झाले," मी म्हणालो होतो. "आणि इंजिनाची अख्खी भूमिती!" सगळे टेबलावर हात आपटून हसले होते. इंगवले तर डोळे पुसत होता. त्या रविवारी मिसळ मी खाल्ली. आज तो प्रसंग आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिन्यात एका संध्याकाळी इंगवले घरी आला. एकटा नव्हता, बरोबर त्याची पुतणी होती, रेवती. नुकतीच बी.एड. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची, नम्र मुलगी. तिनं आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

शैलजाच्या शाळेत गणिताची एक पूर्णवेळ जागा भरायची होती. त्या जागेबद्दल घरात मी वर्षभर ऐकत होतो. पुष्पा लोहार नावाच्या एक बाई तिथं नऊ वर्षं तासांवर शिकवत होत्या. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही. शैलजा म्हणायची, माझ्यापेक्षा ती चांगलं शिकवते. जागा मंजूर झाली त्या दिवशी तिनं लोहारबाईंना बोलावून सांगितलं होतं, "आता तुमची दगदग संपली." निवड समितीत तिघं होते, पण विषय गणिताचा, त्यामुळं शैलजाच्या शब्दाबाहेर बाकीचे दोघे जाणार नव्हते. हे साऱ्या शाळेला माहीत होतं. इंगवलेलाही.

"वहिनी," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "आजवर मी ह्या घरात कधी कायबी मागितलं न्हाई."

"नाही, कधीच नाही," शैलजा म्हणाली.

"घरोबा हाय आपला. मगदूमची गाडी ती माझी गाडी. त्यात मी कधी मागंपुढं बघितलं न्हाई. व्हय का न्हाई रं?"

हे त्यानं माझ्याकडं बघत म्हटलं. चेहरा अगदी साधा. मी मान हलवली.

"पोरगी हुशार हाय. तुमच्या हाताखाली तयार हुईल. एवढं बघा." त्यानं रेवतीची कागदं टेबलावर ठेवली. "भावाला शब्द दिलाय मी."

ते गेल्यावर शैलजानं ती कागदं उघडलीही नाहीत. ती बराच वेळ कपबश्या विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाउंड्रीतून सुटी काढून पंपावर गेलो. इंगवले केबिनमध्ये कलिंगड खात बसला होता.

"बाबा, हे बरं नव्हे," मी म्हणालो. "त्या लोहारबाईंनी नऊ वर्षं काढलीत तिथं."

"मग सांग की वहिनींना."

"काय सांगू?"

"खरं ते. इंगवलेनं कायबी दिल्यालं न्हाई, सगळं मीच घेतलं म्हणून सांग. मी कुठं अडवलंय?" त्यानं एक फोड माझ्यापुढं सरकवली. "नऊ वर्षं मी नियम पाळला मगदूम. वहिनी देवळात भेटल्या, भाजीत भेटल्या, मी म्हटलं, व्हय व्हय, मीच दिलं. आता तू बी पाळ, न्हाईतर मोड. तुझी मर्जी."

मी ती फोड खाल्ली. काय करावं ते सुचत नव्हतं, आणि त्यानं पुढं केली होती म्हणून खाल्ली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर शैलजा माझ्यासमोर येऊन बसली. हातात पेन होतं, नुसतं उघडझाप करत होती.

"मला तुम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली. "कालपासून विचार करतेय. लोहारबाईंना मी शब्द दिलाय. ती बाई मला येता-जाता हसून बघते. तिच्या धाकट्याला तिनं कॉलेजात घातलंय ह्या जागेच्या भरवशावर. तिला सोडून दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही असं मला वाटत होतं."

"मग?"

"मग इंगवले आले. आणि त्या माणसानं नऊ वर्षं आपल्याला दिलंय. मी सांडगे पाठवले, शिकवणी घेतली, पण इंजिनाची परतफेड सांडग्यांनी होत नाही. मला ते सारखं टोचतं. आपण त्यांचं एवढं घेतलं आणि त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं तर मी नाही कसं म्हणू?" तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणून तुम्हाला विचारते. त्यांना तुम्ही ओळखता, तो व्यवहार तुमचा. आपण त्यांचं देणं लागतो का? तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या त्यांच्या घरी जाऊन कागदं परत देऊन येते. मला भीती नाही वाटत. फक्त तुम्ही सांगा."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द म्हटला असता तर काय झालं असतं? तिनं विचारलं असतं, मग इंजिन? मग काच? आणि नऊ वर्षं मागं जात मला प्रत्येक वस्तूचं खरं सांगावं लागलं असतं. ओव्हरटाइमचं सांगावं लागलं असतं. शेडमधल्या हसण्याचंही कदाचित. मला लाज वाटली. त्या लाजेपुढं लोहारबाई, त्यांचा धाकटा, शैलजाचा शब्द, मला काहीच दिसलं नाही.

"लागतो," मी म्हणालो. "म्हणजे, नाही म्हटलं तरी लागतोच."

"बरं," ती म्हणाली. एकदाच विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाखती झाल्या, प्रत्येकीचा वर्गावर एक पाठ झाला. रेवती इंगवलेची निवड झाली. रविवारी इंगवलेनं शेडमध्ये पेढे वाटले. कारणांचा कार्यक्रम नेहमीसारखा झाला. मी त्या दिवशी काही सांगितलं नाही, कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी गाडीखाली आडवा पडलो होतो. आमच्या घरापुढं छोटं अंगण होतं, तिथंच गाडी उभी असायची. फाटक वाजलं. गाडीखालून मला फक्त चपला आणि साडीचा काठ दिसला. शैलजा पायरीवर आली, तिचे पाय दिसले.

"किल्ली द्यायला आले होते बाई. गणिताच्या कपाटाची." लोहारबाईंचा आवाज मी ओळखला.

"शाळेत दिली असती तरी चाललं असतं."

"शाळेत नको वाटलं."

मी गाडीखालून बाहेर यायला हवं होतं. निदान खाकरायला हवं होतं. मी पाना छातीवर घेऊन तसाच पडून राहिलो.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. माझा पाठ चांगला झाला न्हाई का?"

"झाला की. चांगला झाला."

"मग काय चुकलं तेवढं सांगा. पुढं कुठं मुलाखतीला गेले तर सुधारता येईल. बाकी माझी काय तक्रार न्हाई."

शैलजानं एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घट्ट दाबला. मला ते स्पष्ट दिसलं.

"आवाज," ती म्हणाली. "तुमचा आवाज जरा बारीक पडतो. मागच्या बाकापर्यंत पोचत नाही."

"हां," लोहारबाई म्हणाल्या. "आवाजाचं बघते मग."

चपला वळल्या, फाटक वाजलं. शैलजा कितीतरी वेळ पायरीवर उभी होती. मी गाडीखाली आहे हे तिला माहीत होतं. तिनं मला हाक मारली नाही. तिच्या आयुष्यातलं बहुधा ते पहिलं खोटं. मी दहा फुटांवर होतो आणि ते माझ्यासाठी बोललं गेलं होतं.

डिसेंबरात आमच्या मंडळानं पन्हाळ्याला सहल काढली. सगळ्या जुन्या गाड्या, सगळे सहकुटुंब. शैलजा एरवी असल्या ठिकाणी यायची नाही. या वेळी मीच मागं लागलो. सहा महिने ती घरात फार कमी बोलत होती, म्हटलं जरा बाहेर पडेल.

वर पोचल्यावर झुणका-भाकरी झाली. बायका सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या. आम्ही पुरुष जवळच झाडाखाली, गाड्यांना टेकून. त्यांचं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"आमच्याकडे जर्मनीचं दाताचं यंत्र आलंय," पोटनीसबाई सांगत होत्या. "मी म्हटलं, असू दे. पेशंट पळायला लागले की आपोआप गाडीत जाईल. आठ महिन्यांनी गेलं!"

"माझा कुकर आला," मुजावरची बायको शहनाज म्हणाली. "वाचवल्याल्या पैशातनं. आता मिक्सर सांगितलाय. त्यांनी अजून दोन टायर न्हाई घेतले की मिक्सर आलाच."

बायका हसत होत्या, इकडं पुरुषही हसत होते. डॉक्टर लाजून मान खाजवत होते. त्यांच्या बायकांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे नवऱ्यांनाही ठाऊक होतं. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी चाललेला तो खेळ होता. हे माझ्या लक्षात त्या क्षणी आलं. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार तेवढ्यात पोटनीसबाई म्हणाल्या,

"आणि इंगवल्यांचं नाव तर सगळ्यांच्या घरात. पंपही पुरला नसता एवढं वाटलंय बिचाऱ्यांनी!"

इंगवलेची बायको मालुताई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आमचं हे? बाई बाई, एक स्क्रू देत न्हाईत वो कुणाला."

पुन्हा सगळ्या हसल्या. शैलजा हसली नाही.

"म्हणजे ते काही देत नाहीत?" तिनं विचारलं.

"शैलाताई, ते नुसतं नाव लावतात हो. पुरुषांचा नियम आहे तो..." पोटनीसबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी शैलजाचा चेहरा बघितला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

शहनाजनं घाईघाईनं ताकाचा तांब्या पुढं केला. शैलजानं ताक घेतलं, पानातलं सगळं संपवलं, हात धुतले, आणि जाऊन गाडीत बसली.

घाट उतरून खाली वाघबिळाशी आल्यावर तिनं विचारलं, "काच?"

"मी घेतली."

"डायनॅमो?"

"मीच."

"इंजिन?"

"ओव्हरटाइम बंद नव्हता झाला," मी म्हणालो.

"इंगवल्यांनी काहीच दिलं नाही?"

"एकदा एक पाना दिला होता. तो परत मागून घेतला."

हे मी का सांगितलं देव जाणे. शेडमध्ये सांगितलं असतं तर हशा पिकला असता.

"मे महिन्यात मी तुम्हाला एक विचारलं होतं," ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली. "काय विचारलं होतं?"

"शैला, माझं चुकलं."

"काय विचारलं होतं ते सांगा."

"आपण त्यांचं देणं लागतो का."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"लागतो म्हणालो."

तिनं मान हलवली. वर्गात पोरीनं उत्तर बरोबर दिल्यावर हलवत असेल तशी.

घरी आल्यावर मी सगळं बोललो. रडलोसुद्धा. म्हणालो, दोष माझा आहे, तुझा यात काहीच नाही. तुला माहीत असतं तर तू असं केलंच नसतंस. मी लोहारबाईंकडं येतो, त्यांच्या पाया पडतो, इंगवलेनं मला कसं कोंडीत धरलं ते सगळं सांगतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "आणि माझ्या वाटचं तुम्ही घेऊ नका. इंगवल्यांनी ते सगळं खरंच दिलं असतं तरी काय? इंजिन आपल्या गाडीत बसलं असतं. लोहारबाईंच्या नाही. तिची नोकरी देऊन मी आपलं देणं फेडायला निघाले. हे मला त्या दिवशीही कळत होतं. तुम्ही लागतो म्हणालात तेव्हा मला जरा बरंच वाटलं, कारण मग ते तुमच्यावर टाकता आलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नऊ वर्षं खोटं बोललात. मी एकदाच बोलले, पण मी ज्या बाईशी बोलले तिनं ते खरं धरलं."

लोहारबाई तोवर इचलकरंजीला एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागल्या होत्या. शैलजा पुढच्या रविवारी एसटीनं एकटी गेली. परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"चहा केला तिनं. म्हणाली, बरं झालं सांगितलंत." शैलजानं खांद्यावरची पिशवी काढून ठेवली. "तिचा घसा बसलाय. सहा महिने मोठ्यानं शिकवते. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय."

मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता.

तिनं संस्थेला पत्र लिहून सगळा प्रकार कळवला. अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं, पत्र परत दिलं, आणि झालं गेलं विसरा म्हणाले. रेवती पुढं कायम झाली, चांगली शिकवत होती असं शैलजाच सांगायची. शैलजानं मात्र त्या मार्चमध्ये मुख्याध्यापकपद सोडलं. नव्या मुख्याध्यापिका तिच्याच जुन्या विद्यार्थिनी, त्यांच्या हाताखाली ती निवृत्त होईपर्यंत साधी शिक्षिका म्हणून राहिली. लोकांनी कारण विचारलं तर सांगायची, झेपत नाही.

मी शेड सोडली. इंगवलेशी बोलणं तोडलं, जणू सगळा गुन्हा त्याचाच होता. आणि एका सकाळी शैलजाला म्हणालो, "गाडी विकून टाकतो. गिऱ्हाईक आलंय."

ती पेपर वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "विकायची नाही."

"अगं, तिच्याकडं बघवत नाही मला."

"म्हणूनच. विकलीत की तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल." तिनं पान उलटलं. "दारातच राहू दे. आणि नुसती उभी नको, चालू ठेवा. काय लागेल ते आणा. कुणी दिलं ते मी विचारणार नाही."

तिनं खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. गाडीबद्दल नाही, दुसऱ्या कशाबद्दलही नाही. मी उशिरा आलो तर उशीर का झाला विचारत नाही. डॉक्टरकडून आलो तर काय म्हणाले विचारत नाही. मी आपणहून सांगतो. ती हं म्हणते.

पंचवीस वर्षं झाली. गाडी चालू आहे. आता तिला चांगलाच भाव आलाय, पुण्या-मुंबईहून तरुण मुलं शोधत येतात. गेल्या महिन्यात तिघं आले होते, नव्या पिढीतले, महागडे बूट, गळ्यात कॅमेरे. गाडीभोवती फिरले, खाली वाकले, बॉनेट उघडून आत डोकी घातली. शैलजानं चहा आणून पायरीवर ठेवला आणि आत गेली. चहा पिता पिता ते आपापल्या बायकांना काय काय थापा मारतात ते एकमेकांना सांगून हसत होते.

"काका, आकडा सांगा," त्यातला एकजण म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो."

"बायको विकू देत नाही," मी म्हणालो.

ते तिघंही मोठ्यानं हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"नशीब काढलंत, काका," तो म्हणाला. "आमच्या घरी नेमकं उलटं आहे."